सत्त्व, लौकिक आणि सही : जॉन प्रॉक्टरच्या नकाराविषयी

आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ (१९५३) या नाटकाच्या अखेरच्या अंकाविषयी बोलताना एक तपशील हमखास निसटतो. जॉन प्रॉक्टर खोट्या कबुलीजबाबावर सही करण्यास नकार देतो आणि म्हणून फासावर जातो, असे आपण सांगतो. वर्गातही बहुधा असेच शिकवले जाते. संहितेत घडते ते थोडे वेगळे आहे. प्रॉक्टर प्रथम तोंडी कबुली देतो : आपण सैतानाला पाहिले, त्याच्या कामाला स्वतःला बांधून घेतले. इतरांची नावे घेण्याचे तो नाकारतो, पण स्वतःविषयीचे असत्य उच्चारतो. पुढे कागद समोर येतो आणि बरीच टाळाटाळ करून तो त्यावर सहीही करतो. न्यायाधीश डॅनफर्थला तो कागद ताब्यात हवा असतो तेव्हा मात्र प्रॉक्टर तो हिसकावून घेतो आणि देत नाही. नकार आहे तो सहीला नव्हे. सही केलेला कागद हाताबाहेर जाऊ देण्याला आहे.

या तपशिलामुळे नायकाच्या कृतीचे रूढ स्पष्टीकरण अडचणीत येते. सत्त्वनिष्ठ पुरुष खोटे बोलण्यापेक्षा मरण पत्करतो, हे ते स्पष्टीकरण. पण येथे खोटे बोलून झालेले आहे, त्याखाली सही करून झालेली आहे. सत्त्वाला जो तडा जायचा तो गेला आहे. प्रश्न उरला आहे तो एवढाच, की हे असत्य गावाला दिसावे की नाही. कारण डॅनफर्थला तो कागद चर्चच्या दारावर लावायचा आहे. मग प्रॉक्टर मरतो तो सत्त्वासाठी की लौकिकासाठी? आणि लौकिकासाठी मरत असेल, तर तीन मुले आणि गरोदर पत्नी मागे ठेवून जाणाऱ्या या माणसाला शोकात्म नायक म्हणावे, की जरा उंच आवाजात बोलणारा अहंकारी गृहस्थ?

‘सत्त्व’ आणि ‘लौकिक’ हे शब्द येथे जाणीवपूर्वक योजले आहेत. ‘सचोटी’ आणि ‘प्रतिष्ठा’ हे अधिक प्रचलित पर्याय उपलब्ध होते. परंतु सचोटी हा नित्य व्यवहारातला गुण आहे. ती दुकानदाराची असते, कारकुनाची असते, आणि ती असली म्हणजे काही घडावे लागत नाही. सत्त्व पणाला लागते, त्याची परीक्षा होते; हरिश्चंद्राच्या कथेपासून या शब्दाला एका नाट्यमय क्षणाची अपेक्षा चिकटलेली आहे. लौकिक या शब्दात तर ‘लोक’ उघडच बसले आहेत. या दोहोंच्या मध्ये मराठीत एक तिसरा शब्द आहे आणि प्रॉक्टरच्या अखेरच्या उद्गारांत कळीचा ठरतो तो नेमका हाच : नाव. आपण नाव काढतो, नाव घालवतो, लोक नावे ठेवतात. येथे नाव म्हणजे लौकिक. पण शाळेतले मूल दुसऱ्याला ‘बाईंना तुझं नाव सांगेन’ असे धमकावते तेव्हा नाव म्हणजे आरोप होतो. आणि आपल्या नावावर काही घेतो तेव्हा नाव म्हणजे उत्तरदायित्व. या तीनही छटा सेलमच्या त्या कोठडीत एकत्र आलेल्या आहेत. त्यांचा गुंता सोडवला नाही तर प्रॉक्टरविषयीचा निर्णय चुकीच्या आधारावर होतो, मग तो त्याच्या बाजूने असो की विरुद्ध.

नाटकात ‘नाव’ ही गोष्ट प्रथम प्रॉक्टरच्या तोंडून येत नाही. ती पहिल्या अंकात येते, रेव्हरंड पॅरिस आणि त्याची भाची अ‍ॅबिगेल यांच्या संवादात. गावात तुझे नाव स्वच्छ आहे ना, असे मामा विचारतो आणि भाची उसळून सांगते की आपल्या नावाला कसलाही डाग नाही. पॅरिसला भाचीच्या चारित्र्याची काळजी नाही. आपल्या धर्मपीठाला धक्का लागेल ही त्याची चिंता आहे. अ‍ॅबिगेलला आपण काय केले याचे दुःख नाही. ते बाहेर फुटेल याचे भय आहे. शुद्ध लौकिक म्हणजे काय, हे मिलरने नाटकाच्या दारातच दाखवून ठेवले आहे. शेवटच्या अंकात तोच शब्द प्रॉक्टरच्या तोंडी येतो तेव्हा प्रेक्षकाने या दोन नावांची तुलना करावी, हे नाट्यरचनेला अभिप्रेत असावे.

प्रॉक्टर स्वतः या लौकिकाच्या बाहेर सुरुवातीला नसतो. दुसऱ्या अंकात एलिझाबेथ त्याला सांगते की सेलमला जाऊन न्यायालयात बोल. जंगलातल्या प्रकाराचा चेटकाशी संबंध नाही, हे अ‍ॅबिगेलनेच तुला सांगितले आहे. तो रेंगाळतो. ती आपल्याशी एकांतात बोलली होती, साक्षीदार कोणी नाही, ही त्याची सबब. या ‘एकांता’ने पत्नी दुखावते आणि अंक त्या दोघांच्या विवाहाभोवती फिरू लागतो; प्रेक्षकाचे लक्षही तिकडेच जाते. पण या रेंगाळण्याची किंमत मिलरने त्याच दृश्यात आकड्यांनी मांडली आहे. आरंभी तुरुंगात चौदा माणसे आहेत; मेरी वॉरन घरी येते तेव्हा ती संख्या एकोणचाळीस झालेली असते. व्यभिचार हे प्रॉक्टरचे पाप आहे हे खरे, पण अ‍ॅरिस्टॉटलच्या अर्थाने त्याची चूक, त्याची हॅमार्शिया, मला या विलंबात दिसते. जे गुपित राखण्यासाठी तो थांबतो ते त्याच्या लौकिकाचे आहे आणि ते राखले जात असताना शेजारपाजारची माणसे पकडली जात असतात.

तिसऱ्या अंकात तो हे गुपित स्वतः फोडतो. भर न्यायालयात, ज्या पुरुषांसमोर नाव असण्यालाच अर्थ आहे अशा पुरुषांसमोर, तो आपला व्यभिचार जाहीर करतो. लौकिकाचा त्याग येथे पूर्ण झाला, असे म्हणावेसे वाटते. आणि नाटक येथेच एक क्रूर खेळी करते. प्रॉक्टरने ग्वाही दिलेली असते की आपली पत्नी कधीही खोटे बोलत नाही. तिला आणले जाते. नवऱ्याने काय सांगितले आहे हे तिला ठाऊक नसते. त्याचे नाव वाचावे म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोलते, आणि तिच्या खोट्याने त्याचे खरे खोटे ठरते. सत्त्व जिच्या ठायी मूर्तिमंत ती लौकिकासाठी सत्त्व सोडते. लौकिकाला जपणारा सत्त्वासाठी लौकिक सोडतो. आणि दोघेही एकाच क्षणी एकमेकांचा नाश करतात. मरताना स्वतःलाच दोषी ठरवणारी डेस्डिमोना येथे आठवते. (‘ऑथेल्लो’शी या नाटकाचे नाते इतक्यावर संपत नाही. इयागो कॅसिओला सांगतो की लौकिक ही पोकळ गोष्ट आहे, आणि पुढच्याच अंकात ऑथेल्लोला सांगतो की चांगल्या नावाइतके मोलाचे काही नाही. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे मराठी वाचकाला ही माणसे परकी नाहीत. लौकिकाचे तत्त्वज्ञान ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदलता येते, हे शेक्सपिअरने एकाच पात्राच्या तोंडून दाखवले.)

आता सहीकडे वळू. समीक्षेने या नाटकातील सह्यांचा जितका विचार करायला हवा होता तितका केलेला माझ्या पाहण्यात नाही. सेलममध्ये आरोपच मुळी सहीचा आहे : सैतानाच्या पुस्तकात अमक्याने आपले नाव लिहिले. तिसऱ्या अंकात फ्रान्सिस नर्स एक निवेदन घेऊन येतो. एक्याण्णव जमीनधारक शेतकऱ्यांनी रिबेका नर्स, मार्था कोरी आणि एलिझाबेथ यांच्याविषयीचे आपले चांगले मत सहीनिशी नोंदवलेले असते. लौकिकाचा याहून सरळ पुरावा कोणता? डॅनफर्थ त्या यादीतील प्रत्येकाला चौकशीसाठी हजर करण्याचा हुकूम काढतो. चांगुलपणाची साक्ष देणाऱ्यांची यादी जागच्या जागी संशयितांची यादी होते, आणि या लोकांना काही होणार नाही असा शब्द दिलेला फ्रान्सिस हतबुद्ध होतो. त्याच अंकात जाइल्स कोरी आपल्याला माहिती देणाऱ्याचे नाव सांगत नाही, कारण एकदा पत्नीविषयी नकळत बोलून त्याने तिला तुरुंगात धाडलेले आहे. आणि डॅनफर्थ स्वतःची ओळख कशी करून देतो? आपल्या सहीने जवळजवळ चारशे माणसे तुरुंगात आहेत आणि बहात्तर जणांना फाशीची शिक्षा झाली आहे, या शब्दांत. या राज्यात सही ही ओळख पटवण्याची खूण उरलेली नाही. ज्या कागदावर ती उमटते तो कागद कोणाच्या तरी गळ्याशी जातो.

ही साखळी लक्षात घेतली की चौथ्या अंकातला कागद वेगळा दिसतो. न्यायालयाला प्रॉक्टरची कबुली का हवी? पॅरिस घाबरलेला आहे. प्रॉक्टरच्या बहिष्काराच्या वाचनाला चर्चमध्ये मोजकी माणसे आली. अँडोव्हरमध्ये बंड झाल्याची वार्ता आहे. आज फाशी द्यायची माणसे गावात वजन असलेली आहेत. डॅनफर्थ मुदत देत नाही आणि त्याचे कारण तो लपवतही नाही : याच आरोपाखाली बारा जणांना फासावर चढवून झाले आहे, आता कोणाला सोडले वा थांबवले तर त्या बारा जणांच्या अपराधाविषयी शंका निर्माण होईल. लौकिकाला सत्याहून वरचे स्थान देणारा या नाटकात कोणी असेल तर तो डॅनफर्थ आहे. त्याला न्यायालयाचे नाव राखायचे आहे आणि त्यासाठी प्रॉक्टरचे नाव तारण म्हणून हवे आहे.

द्रोणपर्वातील प्रसंग येथे आपोआप समोर येतो. अश्वत्थामा मारला गेला हे भीमाने सांगून द्रोणांना पटत नाही. ते युधिष्ठिराला विचारतात. युधिष्ठिराच्या असत्याला सामर्थ्य येते ते त्याच्या आयुष्यभराच्या सत्यामुळे. लबाडाचे खोटे कोणाला मारू शकत नाही. लौकिक हा केवळ भूषण म्हणून अंगावर वागवण्याचा दागिना नसून दुसऱ्यांनी आपल्यावर ठेवलेला विश्वास आहे. म्हणून तो दुसऱ्यांविरुद्ध वापरला जाऊ शकतो. चर्चच्या दारावर लावलेला प्रॉक्टरचा कागद रिबेका नर्सविरुद्ध साक्ष देईल. त्याने तिचे नाव घेतले नाही, तरी देईल. प्रॉक्टरसारखा माणूस कबूल करतो तर चेटूक होते, आणि चेटूक होते तर ही म्हातारी खोटे बोलत आहे. तोंडी असत्य त्याच्या आणि ईश्वराच्या हिशेबात जमा होते. कागदावरचे असत्य गावाच्या हिशेबात, आणि ज्यांनी कबुली नाकारली त्यांच्या नावावर खर्ची पडते.

आत्म्याचा सौदा झाल्याचे प्रॉक्टर स्वतःच मान्य करतो आणि तरीही नावाचा सौदा नाकारतो, हा उलटा क्रम प्यूरिटन माणसाच्या तोंडी चमत्कारिक वाटतो. नश्वर नावाहून अमर आत्मा मोठा असायला हवा. मात्र वरील विवेचनातून त्याची संगती लागते. आत्मा त्याचा एकट्याचा होता. तो गमावण्याचा अधिकार, असलाच तर, त्याला होता. नाव मात्र त्याचे एकट्याचे नाही. ते मुलांचे आहे, फाशीच्या गाडीत त्याच्याबरोबर चढणाऱ्यांचेही आहे. मित्रांना विकून मुलांना ताठ चालायला कसे शिकवू, या अर्थाचे तो जे बोलतो त्यात ‘मित्रांना विकणे’ हा भाग निर्णायक आहे. रंगभूमीवर आणि चित्रपटातही (१९९६ च्या चित्रपटात डॅनियल डे-लुईसने ही भूमिका केली) त्याच्या ‘नावा’च्या आक्रोशाला इतका आवाज मिळतो की त्याआधीचे हे शांत वाक्य बुडून जाते. याची थोडी जबाबदारी मिलरवरही आहे. तो आक्रोश त्याने आरोळीसाठीच लिहिला आहे.

या वाचनाला एक आधार अंकाच्या आरंभी मिळतो. प्रॉक्टर कबुलीकडे वळतो तो केवळ जीव वाचवण्यासाठी नव्हे. तीन महिने कोठडीत टिकून राहिल्याने लोक त्याला हुतात्मा समजू लागले आहेत, आणि हे मोठेपण आपले नाही असे त्याला वाटते. रिबेका संतासारखी जाईल, तिला ते शोभते. आपण तसे चढणे हे ढोंग होईल. म्हणजे त्याची खोटी कबुली एका अर्थाने खऱ्या विनयातून येते : अनर्जित लौकिक नको म्हणून तो असत्य पत्करतो. केवळ लौकिकाच्या मोहात असलेला माणूस अशी वाट कधीच धरणार नाही. मरणोत्तर कीर्ती त्याच्या हातात आलेली होती, नुसते गप्प राहायचे होते.

तरीही प्रश्न मिटत नाही, कारण मिलरने दुसरी बाजू रेव्हरंड हेल याच्या तोंडी दिली आहे आणि ती दुबळी नाही. हेल एके काळी याच न्यायालयाचा माणूस होता. फाशीच्या कागदांवर त्याच्याही सह्या आहेत. आता तो कैद्यांना खोटे बोला म्हणून विनवतो. जीवन ही ईश्वराची सर्वांत मोठी देणगी आहे, कोणतेही तत्त्व कितीही उज्ज्वल असले तरी तिचा नाश समर्थनीय नाही, आणि अभिमानापायी जीव टाकणाऱ्यापेक्षा खोटे बोलणाऱ्याला ईश्वर कदाचित कमी शिक्षा करील, असे त्याचे म्हणणे. एलिझाबेथ या युक्तिवादाला सैतानाचा म्हणते खरी, पण ते खंडन नव्हे. ज्याने आपल्या तत्त्वनिष्ठेने माणसे मारली त्याला तत्त्वांची भीती वाटू लागली, तर त्याला भित्रा म्हणता येत नाही. मागे राहिलेल्या एलिझाबेथला, होणाऱ्या बाळाला, शेताला या नावाचा काय उपयोग? नाटक याचे उत्तर देत नाही. नगारे वाजवते आणि खिडकीतून एलिझाबेथच्या चेहऱ्यावर ऊन पाडते. तो शेवट नाट्यगृहात परिणामकारक ठरतो. वाचताना मला तो थोडा घाईचा वाटतो.

एलिझाबेथविषयी आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. याच अंकात ती नवऱ्याच्या व्यभिचाराचा दोष स्वतःकडे घेते : आपले घर थंड होते, आपण संशयी होतो. नायकाचे सत्त्व उजळण्यासाठी पत्नीला अपराधाची वाटेकरी करावे लागते आणि सतरा वर्षांच्या मोलकरणीला कुलटा ठरवावे लागते, हे या नाटकाचे व्यंग आहे आणि स्त्रीवादी समीक्षेने त्यावर बोट ठेवले ते योग्यच. इतिहासातील अ‍ॅबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती, जॉन प्रॉक्टर साठीच्या घरात. त्यांच्यात काही संबंध असल्याचा पुरावा नाही. मुलीचे वय वाढवल्याचे मिलरने नाटकाच्या प्रास्ताविक टिपणात नमूद केले आहे. पण जिवंत होऊन गेलेल्या एका मुलीच्या नावाचे त्याने काय केले, हा प्रश्न नावाविषयीच्या नाटकाला विचारायलाच हवा.

इतिहासाकडे वळल्यावर त्याहून अनपेक्षित गोष्ट दिसते. खऱ्या जॉन प्रॉक्टरने कबुली दिलीच नाही. सही करून फाडलेला कागद ही सर्वस्वी मिलरची निर्मिती आहे. त्याच्या नावाचा एक कागद मात्र उपलब्ध आहे. जुलै १६९२ मध्ये तुरुंगातून त्याने बॉस्टनच्या धर्मगुरूंना अर्ज पाठवला. कबुली काढण्यासाठी कैद्यांचा छळ होतो, आपल्या मुलाला मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत ठेवले, असे त्यात लिहून खटले बॉस्टनला हलवावेत किंवा न्यायाधीश बदलावेत, अशी विनंती त्याने केली. १९ ऑगस्टला त्याला फाशी झाले. कबुली देऊन ती मागे घेणारा माणूस सेलममध्ये होता, पण तो वेगळा : अँडोव्हरचा सॅम्युएल वॉर्डवेल. त्याने कबुली दिली, नंतर ती खोटी असल्याचे सांगितले आणि २२ सप्टेंबर १६९२ रोजी तो फासावर गेला. मार्गारेट जेकब्स या तरुण मुलीने आपल्या कबुलीत स्वतःच्या आजोबांचे नाव घेतले होते. तीही पुढे फिरली. आजोबा प्रॉक्टरच्याच दिवशी फासावर गेले, ती वाचली. मिलरला ठाम राहिलेला प्रॉक्टर नको होता. डळमळून, सही करून, शेवटच्या क्षणी हात मागे घेणारा माणूस हवा होता, आणि तो त्याने प्रॉक्टरच्या नावाने घडवला. अखंड सत्त्वाची शोकात्मिका होत नाही, तिचे चरित्र होते. ती भूमिका नाटकात रिबेका नर्सला दिलेली आहे आणि म्हणूनच ती नायिका नाही.

या निर्मितीमागे मिलरच्या काळाची छाया आहे हे सर्वविदित आहे. १९५२ मध्ये दिग्दर्शक एलिया कझान याने संसदीय समितीपुढे पूर्वीच्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. पण नाटक म्हणजे मिलरच्या स्वतःच्या साक्षीचे रूपक, असे जे अधूनमधून लिहिले जाते त्यात कालक्रमाची चूक आहे. मिलरला समितीपुढे यावे लागले ते जून १९५६ मध्ये, नाटकानंतर तीन वर्षांनी. स्वतःविषयी तो बोलला, दुसऱ्यांची नावे त्याने घेतली नाहीत. १९५७ मध्ये तो अवमानाबद्दल दोषी ठरला आणि १९५८ मध्ये अपिलात सुटला. प्रॉक्टरने तोंडी कबुलीत जी रेषा आखली होती, म्हणजे माझे मी सांगेन, दुसऱ्याचे नाही, तीच रेषा त्याच्या लेखकाला नंतर पाळावी लागली.

सेलमच्या मृतांचे लौकिक परत देण्याचे काम कायद्याने केले, पण फार सावकाश. १७११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने अनेकांवरील दोषसिद्धी रद्द केली आणि नुकसानभरपाई मंजूर केली. प्रॉक्टर आणि त्याची पत्नी यांच्या नावे १५० पौंड आले. काही नावे त्या यादीत नव्हती. १९५७ मध्ये, ज्या वर्षी मिलर दोषी ठरला त्याच वर्षी, एक ठराव झाला. त्यात ॲन प्युडिएटर हे एकच नाव होते आणि बाकीच्यांचा उल्लेख ‘इतर काही व्यक्ती’ असा मोघम. त्यातली आणखी पाच नावे २००१ मध्ये लिहिली गेली. एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव लिहायला २०२२ साल उजाडले. तिने १६९२ मध्ये कबुली दिली होती.